दर तासाला बस? कुठे दिसली?

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला चेक प्रजासत्ताकातल्या दक्षिण बोहेमियावरचा लेख वाचला. फोटो झकास. मजकुराबद्दल मात्र राहवेना.

'यिंद्रझिखूव ह्रादेत्स जिल्ह्यात गावोगावी दर तासाला बस' असं लेखकांनी खुशाल ठोकून दिलंय. मी एसटीत 31 वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. वेळापत्रक वाचता येतं, असा माझा समज होता. मुलगी त्याच देशात, ब्रनो शहरात असते. 2019 च्या ऑक्टोबरात एका शनिवारी मी आणि सौ. त्या भागातल्या एका खेड्याच्या थांब्यावर उभे होतो. खांबावर काचेआड वेळापत्रक, त्यात ठसठशीत 13:10. पावणेदोन झाले, सव्वादोन झाले, गाडी नाही. शेवटी कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका आजींनी आकड्याशेजारच्या मुगाएवढ्या खुणेवर बोट ठेवलं: एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन हातोडे. म्हणजे फक्त कामाच्या दिवशी! रविवार आणि सुटीला क्रूस. शनिवारसाठी वर्तुळातला 6, तो त्या पानावर औषधालाही नव्हता. आम्ही स्टँडवरच्या फळ्यावर खडूने 'शनि-रवि बंद' लिहायचो, तेही हातभर अक्षरात. सौ. अजून हातोडा दिसला की माझ्याकडे बघते.

'रेल्वेचं जाळं' हेही त्यातलंच. यिंद्रझिखूव ह्रादेत्सहून त्याच जिल्ह्यातल्या दाचित्सेला सरळ रेल्वे नाहीच. शेजारच्या जिल्ह्यातल्या कोस्तेलेत्सपर्यंत जायचं, गाडी बदलायची, पुन्हा खाली यायचं. दाचित्से मूळचं शेजारच्या मोराविया प्रांतातलं, 1960 पर्यंत त्याचा जिल्हाच वेगळा होता. आणि 760 मिलिमीटर अंतराच्या अरुंद रुळांवरच्या ज्या गाडीला लेखक 'टॉय ट्रेन' म्हणतात, ती नोव्हा बिस्त्र्झित्सेला 1897 पासून जाते. त्या मार्गावर खेड्यातली माणसं बाजारहाटाला जायची. 2022 मध्ये चालवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि गाड्या काही काळ थांबल्या, हे लेखकांच्या कानावरही आलेलं दिसत नाही. की फोटोत बसत नव्हतं?

रोझम्बर्कला 'नैसर्गिक सरोवर' म्हटलंय. अहो, तो बांध घालून केलेला तलाव आहे! याकुब क्रचीनने 1590 मध्ये पुरा केला, माशांसाठी. पाणी सोडून कार्प मासा पकडतात आणि तोच नाताळात घरोघरी ताटात येतो. तिथल्या पोटापाण्याचा तो धंदा आहे, देखावा नव्हे.

दाचित्सेतली साखर तर सुटलीच. चहात टाकायची चौकोनी वडी 1843 मध्ये तिथल्या कारखान्याचे व्यवस्थापक राड यांनी काढली. त्याआधी शंकूसारखी ढेप फोडावी लागे. आम्ही साखरपट्ट्यातले, गुळाची ढेप फोडून मोठे झालो. आम्हाला त्यात किती गोडी वाटली असती! पण त्या जागी पूर्ण अर्धा रकाना हॉटेलातल्या नाश्त्याला दिलाय. असो, आवड आपापली.

जाता जाता, त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात उभा शब्द 14 ची सूचना छापलेलीच नाही. रिकामी घरं भरून पाहिली, काही जुळेना. उत्तर येत्या रविवारी द्याल ना?

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सांगली