सशाची गोष्ट सांगणाऱ्या वसंतास

अटलांटा,
१२ जानेवारी २०२५

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याबद्दल तू म्हणालास, "माणूस देवमाणूस, पण अध्यक्ष म्हणून अगदीच कुचकामी," आणि वर ती सशाची गोष्ट सांगून खो खो हसलास. मी गप्प बसलो, पण पटलं म्हणून नाही. तुझ्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मागून वहिनींचा आवाज चढत चालला होता. आता सवडीने भांडतो.

जिमी कार्टर २९ डिसेंबरला गेले, शंभरी पूर्ण करून. इथल्या कार्टर सेंटरमध्ये पार्थिव ठेवलं होतं आणि रात्रभर दर्शन खुलं होतं. मी रविवारी रात्री उशिरा जाऊन रांगेत उभा राहिलो. गुडघे बोलत होते, थंडी मरणाची. तरी गेलो, कारण या माणसाबद्दलचं माझं मत मी एकदा उसनं घेतलं होतं आणि पुढे कितीतरी वर्षं तेच वापरत राहिलो.

तुला आठवतं, मी ऑगस्ट १९७९ मध्ये इथे शिकायला आलो. म्हातारा घरमालक रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून कार्टरना शिव्या घालायचा. इंग्रजी शिव्यांची माझी शिकवणी तिथेच झाली. त्याच महिन्यात ती सशाची बातमी फुटली. एप्रिलमध्ये गावी प्लेन्सला कार्टर तळ्यात मासे पकडत बसले होते. एक ससा पोहत होडीच्या रोखाने आला आणि यांनी वल्ह्याने पाणी उडवून त्याला हाकललं. एवढंच! पण 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पहिल्या पानावर गोष्ट गेली आणि सशाला भिणारा अध्यक्ष ही प्रतिमा चिकटली ती चिकटलीच. मीही तेव्हा हसलो होतो.

आता तुझा मुख्य मुद्दा, कार्टरच्या काळात भडकलेली महागाई. १९८० मध्ये ती साडेतेरा टक्क्यांवर होती, हे खरंच. पण ती कार्टरनी घरून आणलेली नव्हती. व्हिएतनामच्या युद्धाचा खर्च, १९७३ चा तेलाचा फटका, आणि ते जरा ओसरतंय तोवर १९७९ मध्ये इराणची क्रांती. या सगळ्यात अध्यक्षाच्या हातात किती असतं? फार नसतं. जे होतं ते मात्र त्यांनी केलं. मध्यवर्ती बँकेवर पॉल वॉल्कर यांना बसवलं. हा गडी व्याजदर वाढवणार, कर्जं महागणार, लोकांच्या नोकऱ्या जाणार, आणि हे सगळं निवडणुकीच्या तोंडावर होणार, हे दिसत होतं. तरी बसवलं. १९८० च्या डिसेंबरात बँकांचा मूळ व्याजदर वीस टक्क्यांच्या वर गेला होता. तू चाळीस वर्षं बँकेत काढलीस, या आकड्याचा अर्थ मी तुला काय सांगू? १९८३ पर्यंत महागाई तीन टक्क्यांच्या आसपास उतरली आणि १९८० मध्ये कार्टरना हरवून आलेले रेगन १९८४ मध्ये ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. कलम एकाने बांधलं, आंबे दुसऱ्याच्या अढीत पिकले. (रेगनचंही श्रेय काढून घ्यायला नको. १९८२ च्या मंदीत बेकारी दहा टक्क्यांपुढे गेली, तरी त्यांनी वॉल्करना हलवलं नाही. माझ्या रिपब्लिकन शेजाऱ्याला मी हे कबूल केलं, तर त्याने पहिल्यांदाच मला बार्बेक्यूला बोलावलं.)

पनामा कालव्याचंही तसंच. 'आपला कालवा देऊन टाकला' म्हणून केवढा गहजब! तो पनामाला परत देण्याच्या कार्टरच्या करारासाठी सिनेटमध्ये ६७ मतं लागत होती, ६८ मिळाली. तीही विरोधी पक्षातल्या काहींनी स्वतःची खुर्ची पणाला लावली म्हणून. शेवटी १९९९ च्या ३१ डिसेंबरला कालवा पनामाकडे गेला आणि जहाजं आजही जातायत. कॅम्प डेव्हिडबद्दल तू स्वतःच बोललास, समझोत्यासाठी तेरा दिवस इस्रायलचे बेगिन आणि इजिप्तचे सादात यांना डोंगरात धरून बसवणं वगैरे, म्हणून ते सोडतो.

मात्र मी कार्टरचा भाट झालोय असं समजू नकोस. माझा राग आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे. १९७७ च्या ३१ डिसेंबरला हा माणूस तेहरानमध्ये इराणचा राजा, शहा, याच्या मेजवानीत उभा राहिला आणि इराणला स्थैर्याचं बेट म्हणाला. तोंडात सदानकदा मानवी हक्क, आणि समोर कोण, तर ज्याच्या तुरुंगांत लोक सडत होते तो. पुढे वर्ष-सव्वा वर्षातच बेट बुडालं. पूर्व तिमोर तुडवणाऱ्या इंडोनेशियालाही याच काळात शस्त्रं जात होती. हे आरोप खरे जड आहेत. आणि माझा घरमालक? त्याच्या तोंडी यातलं एक अक्षर नव्हतं. त्याला ससा होता, इंधन वाचवा असं सांगताना कार्टरनी घातलेला व्हाइट हाउसमधला स्वेटर होता, कमी केलेलं हीटर होतं. कार्टरच्या स्वतःच्या पक्षातल्या टेड केनेडींनीही १९८० मध्ये आव्हान दिलं, त्यांच्याही रोखात हे नव्हतं. आरडाओरडा इतका होता की विचारायचे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. मला जास्त खटकतं ते हे.

ओलिसांबद्दल मात्र माझं मत अजून हेलकावतं. क्रांतीनंतर तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतून धरलेली ५२ माणसं, ४४४ दिवस. सुटका करायला पाठवलेली हेलिकॉप्टरं वाळवंटात बिघडली, परतताना टक्कर होऊन आठ जवान गेले. तेहरानवर बॉम्ब टाकले असते तर कदाचित निवडणूक जिंकले असते. ओलीस जिवंत परत आले असते का? आले ते सगळे, रेगनच्या शपथविधीनंतर काही मिनिटांत. कार्टर ४४ राज्यं हरून बसलेले.

आणि ती तेहरानची मेजवानी आटोपून दुसऱ्या दिवशी ते कुठे उतरले? दिल्लीत, मोरारजींकडे! तारापूरच्या युरेनियमवरून बिनसलं आणि मोरारजींना थंड, रोखठोक पत्र लिहायला हवं, असं कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात म्हणाले, ते मायक्रोफोनने पकडलं. तरी १९८० मध्ये त्याच तारापूरसाठी ३८ टन इंधन पाठवायला त्यांनी मंजुरी दिली, आणि सिनेटमध्ये ती ४८ विरुद्ध ४६ अशी कशीबशी टिकली. आपल्याकडे फक्त मायक्रोफोनचा किस्सा राहिला.

मोरारजींचं नाव निघालंच आहे तर तुला विचारतो. तू आणि मी त्यांना न्याय देऊ शकतो का? ते मुख्यमंत्री असतानाचा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार तुझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेला. १०६ हुतात्म्यांच्या पलीकडे जाऊन पंतप्रधान मोरारजींचा हिशोब मांडायला बसलो की माझा हात थांबतो. बाकीच्या देशाने तर त्यांची आठवण स्वमूत्राच्या एका ग्लासापुरती ठेवली. तोही ससाच की रे.

एक गोष्ट तुला नक्की माहीत नसेल. कार्टरच्या आई, मिस लिलियन, १९६६ मध्ये अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून विक्रोळीला आल्या होत्या. परिचारिका म्हणून कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. आपण त्याच विक्रोळीवरून लोकलला लोंबकळत किती वेळा गेलो असू! आणि २००६ मध्ये कार्टर स्वतः लोणावळ्याजवळ हातोडा घेऊन गरिबांची घरं बांधत होते. पण हे त्यांच्या अध्यक्षपणाच्या खात्यात मी जमा करत नाही. 'माजी म्हणून थोर' म्हणत 'अध्यक्ष म्हणून कुचकामी' खपवायचं, ही तुझी युक्ती मला कळते.

रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त ट्रकचालक होता. १९८० च्या कायद्याने मालवाहतुकीवरचे निर्बंध उठले, भाडी पडली, युनियनचा पगार गेला, असं तो सांगत होता. कार्टरना मत दिल्याचं त्याला अजून वाईट वाटत होतं. मग आलास कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मला एकदा समोर उभं राहायचं होतं." आत गेल्यावर टोपी काढून तो माझ्याहून जास्त वेळ थांबला.

गुरुवारी वॉशिंग्टनच्या अंत्यविधीत जेराल्ड फोर्ड यांनी लिहून ठेवलेलं भाषण त्यांच्या मुलाने वाचलं. १९७६ मध्ये कार्टरकडून हरलेले फोर्ड, तेही जाऊन अठरा वर्षं झाली. ते भाषण तू जरूर ऐक आणि मग फोन कर, पण कृपा करून दहाच्या आत. वहिनींना नमस्कार. मार्चमध्ये येतोय, तेव्हा हुरड्याचा हंगाम संपलेला असेल, याचंही खापर कार्टरवर फोडायला माझी हरकत नाही.

तुझाच,
सुधाकर