तीन दारे आणि जाणता सूत्रधार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तीन दारांचे ते कोडे आठवते ना? एका दारामागे मोटार, बाकी दोहोंमागे बकऱ्या; आपण एक दार निवडले की सूत्रधार उरलेल्यांपैकी बकरीचे एक दार उघडतो आणि ‘निवड बदलायची का?’ असे विचारतो. त्यावरून आपली खडाजंगी झाली तेव्हा ‘उरलेल्या दोन दारांची शक्यता निम्मी-निम्मीच’ असे मी हट्टाने म्हणत राहिलो. ते चूक होते, हे आधी लेखी मान्य करतो.

मला सोबत मात्र चांगली मिळाली. ‘लेट्स मेक अ डील’ या अमेरिकी कार्यक्रमाचे सूत्रधार मॉन्टी हॉल यांच्या नावाने ओळखले जाणारे हे कोडे संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ मध्ये मांडले. पण गदारोळ झाला तो १९९० मध्ये, मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी ‘परेड’ या अमेरिकी नियतकालिकातील आपल्या सदरात ‘दार बदलावे’ असे उत्तर दिल्यावर. त्यांना सुमारे १०,००० पत्रे आली, त्यांत जवळजवळ हजारभर पीएचडीधारकांची. पॉल एर्डिश यांच्यासारख्या गणितज्ञालाही संगणकावर खेळ पुनःपुन्हा खेळवून दाखवल्यावरच ते पटले, तिथे माझी काय कथा!

मी मोटारीच्या जागी एक एक्का आणि बकऱ्यांच्या जागी दोन दुर्र्या घेऊन बसलो. सौ. पत्ता निवडणार आणि मी उरलेल्या दोहोंतली दुर्री उलटणार, असे ठरले. पाच-सहा डावांतच ध्यानात आले की तिने दुर्री उचललेली असली, म्हणजे तीनपैकी दोन वेळा, माझ्यापुढे एक्का आणि दुर्री उरते आणि मला निवडीला वावच राहत नाही. एक्का झाकून ठेवणे भागच पडते, म्हणजे तिने पत्ता बदलला तर तीनपैकी दोन वेळा एक्का तिचाच. मोटार कुठे आहे हे सूत्रधाराला ठाऊक असते आणि बकरीचेच दार उघडण्याचे त्याच्यावर बंधन असते, हीच या कोड्याची मेख आहे. निवडणाऱ्याच्या जागी बसून ती मला कधीच दिसली नसती.

आता तुझ्याकडे वळतो. ‘उरलेल्यांपैकी एक दार वाऱ्याने उघडले आणि बकरी दिसली, तरी उत्तर तेच’ असे तू ठासून सांगितले होतेस. ३०० खेळ धर. सरासरीने १०० वेळा मोटार आपल्याच दारामागे असेल आणि वाऱ्याला बकरीच सापडेल. उरलेल्या २०० वेळांपैकी निम्म्या वेळा वारा मोटारीचेच दार उघडेल, म्हणून ते १०० खेळ बाद, राहिले १००. म्हणजे बकरी दिसलेल्या २०० खेळांत दार बदलले काय आणि न बदलले काय, दोन्हीकडे शंभर-शंभरच. वाऱ्याला काही ठाऊक नसते, म्हणून उरलेल्या दोन दारांपैकी मोटार कुठे आहे याचा त्याने उघडलेले दार कसलाही इशारा देत नाही.

तेव्हा माझी निम्मी-निम्मी तुझ्या वाऱ्यापुरती तरी खरी ठरली. येत्या रविवारी ये. पत्ते तयार ठेवतो, आणि वाऱ्याच्या जागी डोळे बांधून तू बस.

तुझा,
अनंत