काल्पनिक ध्रुवीय जहाजालाही वजनाचा हिशेब हवा

महोदय,

पर्यायी इतिहासावर बेतलेल्या नौदल सिम्युलेशनसाठी काल्पनिक ध्रुवीय संशोधन जहाजे रेखाटणाऱ्या इथल्या तरुणांविषयी आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. घाटमाथ्यावरच्या कोल्हापुरात हा नाद लागावा, याचा मनापासून आनंद वाटला. त्यांची कल्पनाही खास इथलीच आहे. 1812 च्या तहात करवीर राज्याने मालवण इंग्रजांना दिलेच नसते आणि सिंधुदुर्गाच्या आश्रयाने आरमार टिकले असते, तर 1901 च्या सुमारास तिथून अंटार्क्टिकाकडे जहाज कसे गेले असते? प्रश्न उत्तम आहे. पण सोबतच्या रेखाचित्रांत आधी तोफा आणि डोलकाठ्या आल्या आहेत, कोळसा कुठे ठेवायचा ते शेवटी पाहिले आहे. इतिहास हवा तसा वळवावा, या खेळाचा प्राणच तो आहे. वजन, अंतर आणि बर्फ मात्र आहेत तसेच घ्यावे लागतात.

म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधी वहीत जमाखर्च मांडावा. लाकडी जहाज धरू: लांबी 45 मीटर, रुंदी 11, पाण्याखालची खोली 5. पाण्याखालचा आकार चौकोनी पेटीच्या निम्मा भरतो असे मानले, तर ते सुमारे 1,270 टन पाणी बाजूला सारेल. म्हणजे सगळे मिळून वजन तेवढेच हवे. आता खर्चाची बाजू. बर्फासाठी जाड केलेला लाकडी सांगाडा आणि जडाव 700 टन, इंजिन आणि पाण्याने भरलेला बॉयलर 150, कोळसा 300, शिडे-दोर-नांगर 50, पिण्याचे पाणी 30, होड्या, स्लेज, झोपडीचे सामान आणि उपकरणे 40. माणसे 40, मुक्काम दोन वर्षांचा, माणशी रोज अडीच किलो शिधा धरला की 73 टन. बेरीज 1,343 होते. म्हणजे नेमके शिध्याइतके वजन जास्त झाले आणि त्यात अजून एकही तोफ नाही. या आकाराचे जहाज एक सेंटीमीटर बुडायला साधारण 3.8 टन लागतात. तेव्हा ते बंदरातूनच 19 सेंटीमीटर खोल बसून निघेल.

मग वजन जुळवायला कोळसा 230 टनांवर आणला जातो आणि खरी अडचण तिथे सुरू होते. त्या काळच्या चांगल्या ट्रिपल एक्सपान्शन (तीच वाफ तीन टप्प्यांत वापरणाऱ्या) इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे 0.9 किलो कोळसा लागे. 500 अश्वशक्तीला दिवसाला पावणेअकरा टन. साडेसहा नॉटचा (तासाला साडेसहा सागरी मैल) वेग धरला तर 230 टनांत 21 दिवस, म्हणजे सुमारे 3,300 सागरी मैल. मालवण ते मॉरिशसचे पोर्ट लुई अंदाजे 2,350 मैल आहे, ते जमते. तिथे कोळसा भरून सरळ दक्षिणेला बर्फाच्या कडेपर्यंत आणखी 2,800 मैल. पोहोचाल तेव्हा बंकरमध्ये तीन दिवसांचा कोळसा उरलेला असेल. बर्फ फोडायचा कशावर आणि परतायचे कशावर? याच कारणाने 1901 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत बांधलेले 'डिस्कव्हरी' हे ध्रुवीय संशोधन जहाज वाफेवर चालत असूनही तीन डोलकाठ्यांचे होते. तेव्हा शिडे ही चित्राची शोभा समजू नये. लांबचा पल्ला शिडांवर कापायचा आणि कोळसा बर्फासाठी राखायचा.

पर्यायी इतिहासाची खरी मेखही इथेच आहे. मॉरिशस 1810 मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतले. तरुणांनो, तुमच्या इतिहासात ते कुणाकडे आहे? इंग्रजांशी बिघडले असेल तर कोळसा कोण देणार? एखाद्या काल्पनिक आरमाराचे राजकारण सांगायला वीस पाने लागतात, पण कोळशाचे ठाणे कुठे आहे एवढे सांगितले की त्यातले निम्मे आपोआप उलगडते. (आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीमसुद्धा 1981 मध्ये गोव्याहून निघाली ती नॉर्वेचे 'पोलर सर्कल' भाड्याने घेऊन.)

आता बर्फ. इथे दोन वेगळी जहाजे एकात मिसळली जातात. एक बर्फात अडकून तग धरणारे, दुसरे बर्फ फोडत जाणारे. पहिल्याचा वस्तुपाठ म्हणजे कॉलिन आर्चरने 1892 मध्ये बांधलेले 'फ्राम'. लांबी 39 मीटर, रुंदी 11, बाजू वाडग्यासारख्या गोल आणि खाली कणा जवळजवळ बाहेर न आलेला. ओली जांभळाची बी चिमटीत दाबली की सटकन वर निसटते, तसे ते बर्फाच्या दाबाने वर उचलले जाई. सुकाणू आणि पंखा (प्रोपेलर) विहिरीसारख्या पोकळीतून वर ओढून घेता येत. उलट 1912 चे 'एन्ड्युरन्स' अतिशय मजबूत होते, पण त्याच्या बाजू तशा गोल नव्हत्या. 1915 मध्ये वेडेल समुद्रात ते चिरडले गेले. गोल तळाची किंमतही मोजावी लागते: खुल्या समुद्रात 'फ्राम' भयंकर डोलत असे. सिम्युलेशनमध्ये चाळिशी अक्षांशांच्या दक्षिणेला उपकरणांच्या कामाचे दिवस त्या हिशेबाने कमी धरले पाहिजेत.

फोडणारे जहाज बर्फाला धडका देत नाही. तिरप्या नाळेवरून बर्फावर चढते आणि स्वतःच्या वजनाने बर्फाचा थर खाली वाकवून मोडते. मोडायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. अर्ध्या मीटरला पुरणारा जोर एक मीटरला चौपट लागतो. रशियन नौदल अधिकारी मकारॉव्हच्या 1898 च्या 'येर्माक' या बर्फ फोडणाऱ्या जहाजाला पुढच्या टोकालाही पंखा होता. ध्रुवीय बर्फात तो त्रासदायक ठरला आणि काढावा लागला. तुमच्या चित्रांत तो पुन्हा दिसतो, तो काढून टाकावा.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे पाणरेषेचा पट्टा. बर्फासाठीचे जादा अस्तर पूर्ण भरलेल्या जहाजाच्या पाणरेषेवर काढले जाते, पण कोळसा आणि शिधा मिळून 300 टन संपले की हेच जहाज जवळजवळ 80 सेंटीमीटर वर येते. मग जाड अस्तर हवेत राहते आणि बर्फ त्याखालच्या पातळ फळीवर घासतो. पंखाही त्याच 80 सेंटीमीटरने बर्फाजवळ येतो, पाती वाकतात किंवा तुटतात. त्यामुळे पट्टा भरल्या रेषेच्या वर पाऊण मीटरपासून रिकाम्या रेषेच्या खाली एक मीटरपर्यंत काढा. पंख्याची पाती बोल्टने बसवलेली, सुटी बदलता येणारी ठेवा, सोबत दोन-तीन जादा न्या आणि त्यांचेही वजन वहीत लिहा. रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरणार असाल तर वर मोकळी जागा आणि वाफेची नळी हवी, नाहीतर पाणी गोठून फुगते आणि टाकी फोडते.

लाकडाबद्दल थोडक्यात. मलबारचा साग ओकपेक्षा एका बाबतीत सरस: ओकमधले आम्ल लोखंडी खिळे खाते, सागातले तेल त्यांना जपते. वाडियांनी मुंबईत 1817 मध्ये सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. पण बर्फाच्या घासणीसाठी वरून ग्रीनहार्टचे अस्तर हवेच, आणि ते लाकूड गयानातून येते. आयातीच्या यादीत ते असू द्या.

पोलादी जहाज काढणाऱ्यांना शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले लोक एक गोष्ट अधिक चांगली समजावतील. बिडाचा खुंटा थंडीत दोराच्या झटक्याने काचेसारखा फुटतो, तिथे ओतीव पोलाद घ्या. साधे पोलादही गारठ्यात ठिसूळ होते. जानेवारी 1943 मध्ये 'स्केनेक्टडी' हा नवा टँकर अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या धक्क्यापाशी, शांत पाण्यात, मधोमध दुभंगला. रिव्हेटच्या जहाजात तडा बहुधा पत्र्याच्या सांध्याशी थांबतो. वेल्डिंगच्या अखंड सांगाड्यात तो पुढे धावत जातो. 1930 नंतरचे काल्पनिक जहाज वेल्डिंगचे केले, तर कमी तापमानात शार्पी चाचणी (नमुना फटक्याने मोडून पाहण्याची चाचणी) केलेले पोलाद तुमच्या राज्याकडे होते का, हे ठरवावे लागेल.

तोफांविषयी. तुषार गोठून दोर, रेलिंग आणि डेकवर 40 टन बर्फ बसला आणि त्याचा मध्य जहाजाच्या गुरुत्वमध्याच्या 6 मीटर वर असला, तर गुरुत्वमध्य 18 सेंटीमीटर वर सरकतो. मेटासेंट्रिक उंची (कललेले जहाज पुन्हा सरळ होण्याच्या ताकदीचे माप) मुळात 70 सेंटीमीटर असेल तर पाव हिस्सा गेला. वर तोफा असतील तर बर्फ यायच्या आधीच तो गेलेला असतो. शिवाय चुंबकीय निरीक्षण हा त्या काळच्या मोहिमांचा मुख्य हेतू होता. 'डिस्कव्हरी'वर चुंबकीय कक्षाभोवती 30 फुटांत लोखंड-पोलाद येऊ दिले नव्हते. तोफ आणि चुंबकमापक एका डेकवर नांदत नाहीत. खोल समुद्राच्या जाळ्यासाठी 12 मिलिमीटरचा 6,000 मीटर पोलादी दोर घेतला तर त्याचेच तीन टनांहून जास्त होतात. त्याचा विंच खालच्या डेकवर, बाजूला आणि पंख्यापासून दूर ठेवावा.

आपल्या पुरवणीत पुढची चित्रे छापताना प्रत्येक चित्राखाली चार ओळी अवश्य द्याव्यात, ही विनंती: एकूण वजन, कोळसा किंवा तेल, त्यावर किती मैल, आणि ते पुन्हा कोणत्या बंदरात भरणार. तरुणांनी 1,343 टनांचे वरचे कोष्टक घेऊन त्यातले 73 टन कुठून कमी करता येतात ते आधी पाहावे. शिध्याला हात लावायचा नाही, एवढी एकच अट.

— एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर