नंदू तुझ्याकडे येतोय म्हणून

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, कपडे घालताना किती ताटकळत ठेवतेस गं नंदूला!" आणि मी फोन ठेवला. चुकलंच. पण माझ्या ऑपरेशननंतर सहा आठवडे तो तुझ्याकडे राहणार, म्हणून लिहिते. गरम पाण्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा नको. गीझरचा काटा 50 अंशांच्या खाली ठेव. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत भाजतं.

आता पँट. ती त्याची त्याला घालता यावी म्हणून तिचे आठ टप्पे पाडलेत: खुर्चीवर बसणं, लेबल मागे येईल अशी धरणं, एक पाय, दुसरा पाय, गुडघ्यापर्यंत ओढणं, उभं राहणं, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. शिकवलं मात्र शेवटून. आधी सात मी करायची आणि आठवा त्याने, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद रोज त्याचा. सलग तीन दिवस मदतीशिवाय जमला की सातवाही त्याचाच. सध्या शेवटचे चार त्याच्याकडे आहेत. तू दोन्ही पाय घालून दे आणि थांब.

तो तुझ्याकडे बघत बसेल. मनात दहा मोज, बोलू नकोस. "ओढ, ओढ" केलंस की त्याचं लक्ष पँटवरून उडून तुझ्या तोंडाकडे लागतं, आणि तोंडी मदत नंतर सुटता सुटत नाही. दहा झाले तर मागे उभी राहून कोपराला हलकेच हात लाव. समोरून नको, डावं-उजवं उलटं होतं. तरी नाहीच हललं तर मनगट धरून करून घे, पण पुढच्या वेळी पुन्हा कोपरापासूनच. घाईच्या दिवशी सरळ तूच घाल, फक्त शेवटचं कमरेपर्यंत ओढणं त्याला ठेव. शिकवायला घेऊन अर्ध्यात वैतागण्यापेक्षा ते बरं.

झालं माझं व्याख्यान सुरू. रागावू नकोस. एक स्टिकर मधोमध कापून दोन बुटांत अर्धा-अर्धा चिकटवायचं, चित्र जुळलं की बूट बरोबर, हे तुलाच सुचलं होतं. नऊ वर्षांची होतीस. मला नव्हतं सुचलं.

पण नळ. आपल्याकडे गरम डावीकडे, तुझ्याकडे उजवीकडे. "गरम नळ सोडायचा नाही" असं मला वाटलं तो शिकलाय, तो शिकलाय "डावीकडचा सोडायचा नाही." खुणेवर शिकवायला हवं होतं, मी जागेवर शिकवलं. आठवडाभर इथे लाल टेप लावून "लाल नाही" करतोय, पण आठवडा त्याला पुरत नाही. टेपचा तोच रोल त्याच्या बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवलाय. बादलीत आधी गार, मग गरम, आणि गरम तूच सोड. ढवळून झालं की तो मनगटाची आतली बाजू बुडवून बघतो. न बघताच तांब्या उचलला तर हात धर आणि तिथे मात्र बोल, मोठ्याने बोल.

ब्रश त्याचा तो करतो. पेस्ट वाटाण्याएवढीच, तेवढं बघ.

तो यायच्या आधी टेप लाव आणि नळाचा फोटो पाठव. मला आत नेण्याआधी.

तुझी आई