चिपीची विमानसेवा टिकवण्याची अट घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या चिपी विमानतळाहून मुंबईला जाणारे विमान ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. त्यावर आरोप-प्रत्यारोप पुष्कळ झाले, पण ते बंद का पडले याचे उत्तर योजनेच्या नियमांतच आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी ही सेवा 'उडान' या लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेतून सुरू झाली. त्या योजनेत कंपनीची तूट भरून देणारे अनुदान तीन वर्षेच मिळते. तीन वर्षे भरली आणि विमान गेले.

देशभर हेच घडले आहे. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार 'उडान'च्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना दिले गेले. त्यांतले ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकले फक्त ५४. एवढे मार्ग मुदत संपताच कोसळत असतील, तर दोष एकट्या चिपीच्या सड्याचा नाही.

हा पैसा लोकांचा आहे. मोठ्या शहरांमधल्या उड्डाणांवर आकार लावून तो निधी उभा राहतो, त्यात आपल्या राज्याचा वाटा २० टक्के असतो. या पैशातून अर्ध्या जागांचे भाडे ठरलेल्या मर्यादेत राहते. पण विमान वेळेवर सुटेल, ऐनवेळी रद्द होणार नाही आणि कंपनी न सांगता जाणार नाही, याची हमी प्रवाशाला कुठे मिळते? माझ्या मेव्हण्यांना शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी मुंबईला जायचे होते. सकाळी विमान रद्द झाल्याचा निरोप आला. टाके ओले असलेल्या माणसाला भाड्याच्या गाडीत घालून आम्ही रात्रभर महामार्गाने नेले. असे एकदा झाले की ते घर पुन्हा विमानाचे तिकीट काढत नाही. मग प्रवासी नाहीत, असे म्हणायला सगळे मोकळे.

अमेरिकेत लहान गावांच्या विमानसेवेला १९७८ पासून सरकारी मदत मिळते. तिथे अशा गावाची शेवटची विमान कंपनी निघायचे म्हणाली, तर तिला काही महिने आधी नोटीस द्यावी लागते. दुसरी कंपनी मिळेपर्यंत सरकार तिला थांबवून ठेवू शकते आणि त्या काळाची भरपाईही देते. नवी कंपनी निवडताना त्या गावाचे मत विचारतात. मदत डोळे झाकूनही दिली जात नाही, प्रवासीसंख्या आणि दर प्रवाशामागचा खर्च यांच्या मर्यादा आहेत. आपल्याकडे यातले काहीच अशक्य नाही.

जवळ गोव्यातले मोपा विमानतळ असताना चिपी कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. बांदा-सावंतवाडीकरांपुरता तो प्रश्न रास्त आहे. देवगड, मालवण, कणकवलीच्या माणसाने मात्र मुंबईला जायला आधी उलट गोव्याकडे जायचे का? परुळे-चिपीच्या लोकांनी जमिनी दिल्या, अडीच किलोमीटरची धावपट्टी झाली, तिच्यावर सरकारचा आणि लोकांचा पैसा व कष्ट लागले. आणि फक्त गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांचा हिशेब मांडून ही सेवा तोलू नये. ओरोसच्या जिल्हा कचेरीत कामाला येणारा अधिकारी, मुंबईत उपचार घेणारा रुग्ण, परीक्षेला निघालेली मुलगी यांना विमान लागते ते ऐन पावसाळ्यातल्या साध्या मंगळवारीही.

मुंबई मार्गासाठी यापुढे कोणत्याही कंपनीला सार्वजनिक पैसा द्यायचा असेल, तर करारात तीन गोष्टी लिहाव्यात: निघण्यापूर्वी ९० दिवसांची जाहीर नोटीस, पर्यायी कंपनी येईपर्यंत सेवा चालू ठेवण्याचे बंधन, आणि हवामानाखेरीज इतर कारणाने रद्द झालेल्या प्रत्येक फेरीमागे अनुदानात कपात. रद्द फेऱ्यांचा आकडा दर महिन्याला जिल्हाधिकारी कार्यालयात लावावा. आपल्या खासदारांनी आणि पालकमंत्र्यांनी ही मागणी नवा करार होण्यापूर्वीच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे लेखी द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण