छतावर ऊन, इन्व्हर्टर बंद

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘नेट झिरो’वरचा, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच काढून घेण्याच्या उद्दिष्टावरचा, कालचा अग्रलेख वाचला. राजकीय इच्छाशक्ती हवी, जनजागृती हवी, सामान्य नागरिकानेही खारीचा वाटा उचलायला हवा, असे आपण म्हटले आहे. खारीने वाटा उचलून बरेच दिवस झाले, साहेब. तो टाकायला जागा कोणी देत नाही, एवढीच अडचण आहे.

आपला लेख नेहमीप्रमाणे वाचनीय होता. सौर पॅनेलच्या किमती 2010 नंतरच्या दशकभरात नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरल्या, हे आपण लिहिलेत ते खरेच आहे. 2023 च्या दुबई हवामान परिषदेत 2030 पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करायचे ठरले, तेही लिहिलेत. पण दोन कॉलमांच्या त्या मजकुरात तारांचा उल्लेख नाही, ट्रान्सफॉर्मरचा नाही, मीटरचा नाही. वीज जणू पॅनेलमधून निघून थेट भाषणात जाते.

माझ्या छतावर पॅनेल आहेत. आमचे घर लाइनच्या शेवटच्या खांबावर, ट्रान्सफॉर्मरपासून सगळ्यात लांब. ही गोष्ट पॅनेल बसवताना मला कोणी विचारली नाही आणि ती महत्त्वाची असते हे सांगितलेही नाही. स्वच्छ ऊन असते, माणसे कामावर गेलेली असतात, घराघरांतला विजेचा वापर नाममात्र असतो. नेमक्या अशा वेळी माझा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज लाइनच्या विजेसारखी करून देणारे यंत्र, बंद पडतो. त्याच्या छोट्या पडद्यावरचा आकडा मी पाहत बसतो: 246, 249, 252. मग आतल्या रिलेचा ‘टक्’ असा आवाज, लाल दिवा आणि ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ अशी ओळ, म्हणजे ग्रिडचे, विजेच्या वाहिन्यांच्या जाळ्याचे, व्होल्टेज मर्यादेबाहेर. काही मिनिटांनी तो बिचारा पुन्हा चालू होतो, पुन्हा आकडा चढतो, पुन्हा टक्. ऊन उतरायला लागले की सगळे सुरळीत.

कारण समजायला इंजिनीअर असावे लागत नाही. छतावरची वीज लाइनमध्ये ढकलायची तर छताकडचे व्होल्टेज लाइनपेक्षा थोडे वर असावे लागते. तारेला रोध असतो, त्यामुळे अंतर जितके जास्त तितके जास्त वर. पूर्वी वीज एकाच दिशेने यायची आणि शेवटच्या खांबापर्यंत येता येता व्होल्टेज पडायचे. म्हणून ट्रान्सफॉर्मरवर ते मुद्दाम थोडे चढवून ठेवलेले असते. आता दुपारी लाइनवरची दहा-बारा छते एकदम उलट्या दिशेने वीज पाठवतात. 230 व्होल्टच्या व्यवस्थेत दहा टक्के सूट धरली तर मर्यादा 253 ची. ती ओलांडली की इन्व्हर्टरने बंद व्हायचे, असा नियम. बंद कोण होतो? सगळ्यात टोकाचा. ट्रान्सफॉर्मरजवळच्या छतांची वीज बिनबोभाट जाते आणि त्यांनी चढवलेल्या व्होल्टेजचा भुर्दंड माझ्यासारख्याला बसतो.

लाइट गेल्यावर छतावर पॅनेल असूनही आमचे घर अंधारात असते, याबद्दल माझी तक्रार नाही. लोक हसतात, हसोत बापडे. बंद समजल्या जाणाऱ्या तारेवर वायरमनला माझ्या छताचा शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते आणि ती योग्यच आहे. माझी तक्रार लाइट असताना बंद पडण्याची आहे.

तर मी वीज कंपनीकडे गेलो. तिथले साहेब म्हणाले, “तुमच्या इन्व्हर्टरचं सेटिंग बघून घ्या.” पॅनेल बसवणारा म्हणाला, “सर, लाइनचंच व्होल्टेज जास्त आहे, आम्ही काय करणार?” मी लेखी तक्रार दिली. यथावकाश मोबाइलवर संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ तो वाचत होतो तेव्हा समोर लाल दिवा लागलेला होता. निवारण कोणाचे झाले ते मी अजून शोधतो आहे.

शेवटी एक वायरमन आला. त्याने खांबावर मीटर लावून पाहिले, ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, “काका, ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे तिथून निघणारं व्होल्टेज ठरवणारा खटका, एक खाली घेतला की तुमचं दुपारचं काम होईल. पण मग संध्याकाळी तुमच्याच टोकाला व्होल्टेज पडेल. तेव्हा पुन्हा तुम्हीच फोन कराल.” मी विचारले, दोन्ही वेळा बरोबर राहील असे काही नाही का? तो म्हणाला, “आहे ना. जाड केबल टाका, नाहीतर आपोआप टॅप बदलणारा ट्रान्सफॉर्मर आणा. वरून मंजुरी आली की दोन्ही होतं.” मंजुरी कोण देते हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हते.

ही एका घराची रड आहे, वर्तमानपत्राने एवढ्या बारीकसारीक गोष्टींत कशाला पडायचे, असे आपल्याला वाटू शकेल. मग 28 एप्रिल 2025 आठवा. दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश अंधारात गेले. भर दुपारी, लख्ख उन्हात. चौकशीत कारण निघाले ते चढलेल्या व्होल्टेजचेच. एक प्रकल्प बंद पडला, त्याने व्होल्टेज आणखी चढले, मग दुसरा, मग तिसरा, आणि काही सेकंदांत सगळा डोलारा खाली. त्या दिवशी एका गटाने सौरऊर्जेच्या नावाने खडे फोडले, दुसऱ्याने तिला निर्दोष सोडले. आपल्या अंकातही दोन्ही बाजूंचे लेख आले होते, मी वाचले. मधली गोष्ट कोणी फारशी सांगितली नाही. व्होल्टेज सांभाळायचे काम तिथल्या नियमांनी जुन्या धाटणीच्या वीजकेंद्रांकडेच ठेवले होते. सौर आणि पवन प्रकल्पांनी ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर, म्हणजे व्होल्टेज कितीही हलले तरी एकाच ठरीव पद्धतीने, मुकाट चालायचे. व्होल्टेज ओढून धरण्याची क्षमता त्यांच्या यंत्रांत असू शकते, पण ती वापरा असे नियमच सांगत नव्हता. अपघातानंतर तो नियम बदलला. आधी का नाही बदलला, यावर मात्र कोणी अग्रलेख लिहिला नाही.

जर्मनीत हाच धडा त्याआधी मिळालेला होता. तिथे छतांवरच्या इन्व्हर्टरांना जुन्या नियमानुसार एकच आकडा घालून दिलेला होता. विजेची वारंवारता, जी एरवी 50 हर्ट्झच्या आसपास राखली जाते, 50.2 वर गेली की बंद व्हायचे. छते थोडी होती तोवर चालून गेले. ती लाखोंनी झाली तेव्हा लक्षात आले की वारंवारता त्या रेषेला लागली तर सगळीच एका झटक्यात बंद होतील आणि युरोपभरची ग्रिड हादरेल. मग 2012 मध्ये नियम काढून तीन लाखांहून अधिक संच पुन्हा उघडून त्यांची सेटिंग्ज बदलावी लागली. बसवतानाच नीट ठरवले असते तर हा खटाटोप वाचला असता.

माझ्या इन्व्हर्टरलाही म्हणे अशी सोय आहे. व्होल्टेज चढायला लागले की पूर्ण बंद न होता उत्पादन थोडे कमी करायचे आणि व्होल्टेज खाली ओढायला मदत करायची. ऑस्ट्रेलियात नव्या इन्व्हर्टरांना ही सोय चालू ठेवणे सक्तीचे आहे. तिथे साधारण तीनपैकी एका घरावर पॅनेल आहेत, म्हणजे त्यांना गत्यंतरच नव्हते. दक्षिण ऑस्ट्रेलियाने तर 2020 पासून नव्या छतांसाठी अशी अट घातली की संकटाच्या वेळी ती दुरून बंद करता आली पाहिजेत. माझे छत कोणी दुरून बंद करावे हे मला आवडणार नाही. पण निदान त्यात एक नियम आहे, कारण आहे आणि जबाबदार कोण ते माहीत आहे. माझ्याकडे सोय बंद करून ठेवलेली आहे. ती चालू करायला पॅनेलवाला म्हणतो कंपनीचे पत्र आणा, आणि कंपनी म्हणते आमच्याकडे तसा नमुना अर्ज नाही.

आणि नुकसान? ते माझे. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडच्या पवनचक्क्यांची वीज दक्षिणेकडे न्यायला वाहिन्या अपुऱ्या पडतात, तेव्हा त्यांना बंद राहण्याचे पैसे मिळतात. तेवढी वीज दक्षिणेत गॅसवर तयार करायला दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा पैसे मिळतात. दोन्ही खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात. मोठ्या प्रकल्पाने वीज दिली नाही तर त्याला भरपाई, आणि मी वीज देतो म्हणून रोज दुपारी हात वर करतो तर मला लाल दिवा. यावर आपण लिहिले असते तर मी अंक जपून ठेवला असता.

आकडेच हवे असतील तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2023 मध्येच दिलेले आहेत. ग्रिडला जोडणी मिळावी म्हणून जगभरात रांगेत उभ्या असलेल्या अक्षय प्रकल्पांची क्षमता किमान 3000 गिगावॅट, आणि त्यातले निम्मे तर बऱ्यापैकी तयारीत. 2040 पर्यंत 8 कोटी किलोमीटर वाहिन्या नव्या टाकाव्या किंवा बदलाव्या लागतील, म्हणजे आज जगात आहे जवळजवळ तेवढी ग्रिड आणखी एकदा. नवा सौर प्रकल्प एक ते पाच वर्षांत उभा राहतो, मोठ्या वाहिनीला पाच ते पंधरा लागतात. 2024 च्या बाकू हवामान परिषदेत वाहिन्यांवरही एक संकल्प झाला, 2030 पर्यंत अडीच कोटी किलोमीटरचा. संकल्पाला तांबे लागत नाही.

मंत्री पॅनेलच्या उद्घाटनाला येतात, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलायला कोण येणार, हे मला समजते. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते. पण वर्तमानपत्रानेही फक्त फोटो येईल तिथेच पाहायचे का?

जाता जाता आणखी एक. आपल्या अर्थविषयक पानावर परवा बॅटरी साठवणुकीची बातमी होती, अमुक इतक्या ‘मेगावॅट’ची बॅटरी. किती वेळ चालणार ते बातमीत नाही. मेगावॅट म्हणजे वीज किती जोराने देणार, आणि मेगावॅट-तास म्हणजे एकूण किती देणार. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा 100 मेगावॅट आणि 129 मेगावॅट-तासांची होती, म्हणजे पूर्ण जोराने चालवली तर सव्वा तासाच्या आसपास. नुसते ‘100 मेगावॅट’ छापले की वाचकाला वाटते रात्र निघाली. आपल्या पानावर ही चूक पहिल्यांदा झालेली नाही. याआधी मी याच विषयावर पत्र पाठवले होते. आपण ते छापलेत, त्याबद्दल आभार. फक्त छापताना ‘तास’ तेवढे गाळलेत.

आपला,
एक जुना वर्गणीदार