कोबीचं विमानभाडं

बॅफिन बेट, नुनावुत
जून २०२५

प्रिय दिलीप,

स. न.

मी पाठवलेला कोबीच्या भावाचा फोटो तू अख्ख्या पुरवठा शाखेत फिरवलास हे कळलं. वहिनींनी डॉलरचे रुपये करून बघितले आणि "भाऊजींना धारणीहून पोतंभर कोबी पाठवून देऊ" म्हणाल्या, तेही कळलं. त्यांना सांग, पोत्याचं विमानभाडं काढलं तर इथला कोबी स्वस्त वाटायला लागेल. बाकी तू विचारलंस ते मात्र मनापासून विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो. कॅनडासारखं श्रीमंत सरकार अन्नावर अनुदान देतं, तरी हा भाव कसा? वीस वर्षं रेशन दुकानं तपासणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

आधी जागा समजून घे. नुनावुत हा कॅनडाचा अगदी उत्तरेकडचा प्रदेश, महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आणि लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत ३६,८५८. वस्तीची गावं २५. एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही, दक्षिणेत उतरायलाही नाही. समुद्र गोठलेला असतो, तो उन्हाळ्यात काही आठवडे मोकळा होतो, तेवढ्यात जहाजं येतात. वर्षाचं डिझेल, सिमेंट, मैदा, साखर, डायपर, स्नोमोबाइल सगळं त्यातून उतरतं. दूध, अंडी, भाजी, फळं यांना विमानाशिवाय वाट नाही. बहुतेक गावांत एक दुकान, फार तर दोन. वीज डिझेलच्या जनरेटरवर, म्हणजे दुकानाच्या फ्रीजचं बिलसुद्धा जहाजातूनच येतं म्हण ना. दुकानदाराचा खर्च खरा आहे, हे आधीच कबूल करतो, नाहीतर तू म्हणशील की मी एकतर्फी लिहितो.

आता अनुदानाचं. जुनी योजना फूड मेल नावाची होती. साठच्या दशकाच्या अखेरीपासून टपाल खातं ठरलेल्या स्वस्त दराने अन्न उत्तरेला पोचवायचं आणि तूट सरकार भरून द्यायचं. खर्च वाढत गेला. १ एप्रिल २०११ला ती बंद करून न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा सुरू केली. आता पैसे टपाल खात्याला न जाता दुकानदाराला आणि पुरवठादाराला जातात. दुकानदार किती किलो माल कुठल्या गावी नेला याचा दावा लावतो, सरकार गावाच्या आणि मालाच्या दरानुसार किलोमागे रक्कम देतं, आणि ती रक्कम त्याने भावातून कमी करायची असं करारात लिहिलेलं असतं. विमान कंपनीशी भाड्याची घासाघीस ज्याची त्याने करायची. मोठ्या साखळी दुकानांना ती जमते, एकट्यादुकट्याला नाही.

तुझ्या ओळखीच्या पद्धतीशी ताडून बघ. रास्त भाव दुकानात भाव सरकारचा, माप कार्डावरचं, दुकानदाराला क्विंटलमागे कमिशन. तो चोरी करतो तेव्हा मापात पाप करतो, नाहीतर पोती मागच्या दाराने काढतो, आणि तू पंचनामा करतोस. इथे भाव सरकारचा नाहीच. दुकानदार भाव लावतो, त्यातून अनुदान वजा दाखवतो. पावतीवर छान छापून येतं, की तुमचे एवढे डॉलर वाचले. पण अनुदान नसतं तर त्याने मूळ भाव काय लावला असता, हे तू कशावरून ठरवशील? पंचनामा करायला पोतंच नाही. म्हणून इथे घोटाळा सापडत नाही, आणि कायदेशीररीत्या तो घोटाळा नसतोही.

२०१४ साली कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी हेच लिहिलं: दुकानदार पूर्ण अनुदान गिऱ्हाइकापर्यंत पोचवतात की नाही, याची खात्री खात्याने करूनच घेतलेली नाही. शिवाय कुठल्या गावाला किती, हे गरज बघून ठरवलं नव्हतं. फूड मेल पूर्वी किती वापरली होती ते बघून ठरवलं होतं. उत्तर ओंटारियोतल्या दोन शेजारच्या गावांत एकाला किलोमागे १.६० डॉलर आणि दुसऱ्याला ५ सेंट. जे पूर्वी मागायला आले नाहीत त्यांना भूक नाही, असा हिशेब. हे वाचून तुझ्या तहसीलची आठवण आली की नाही सांग!

त्याच सुमाराला इथल्याच रँकिन इनलेट गावातली माणसं कचरा डेपोत अन्न शोधतात अशी बातमी आली. ओटावात संसदेत त्यावर प्रश्न चालले होते आणि नुनावुतच्याच खासदार असलेल्या मंत्री लिओना अ‍ॅग्लुकाक सभागृहात वर्तमानपत्र वाचताना कॅमेऱ्यात सापडल्या. नंतर माफी मागितली. पण त्या स्वतः इनुइट, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणून ते लोकांना जास्त लागलं. त्याआधी २०१२ मध्ये नुनावुतच्या राजधानीतल्या, इकालुइटच्या लीसी पापात्सी यांनी 'फीडिंग माय फॅमिली' नावाने या भावांविरुद्ध लोक जमवले होते. दुकानासमोर फलक घेऊन उभं राहणं हे इथल्या माणसाच्या स्वभावातच नाही. मोठ्या आवाजात भांडणं हलकं समजतात. तरी उभे राहिले.

अनुदान पोचतं किती, यावर अर्थशास्त्रज्ञ निकोलस ली आणि मानववंशशास्त्रज्ञ ट्रेसी गॅलोवे यांचा २०२३ मधला अभ्यास आहे. सरकारने एक डॉलर वाढवला की भाव सरासरी ६७ सेंटने उतरतो. गावात एकच दुकान असेल तर आणखी कमी. म्हणजे योजना अगदी वाया गेली असं म्हणता येत नाही, आणि दुकानदार सगळं खातो हे इथल्या चहाच्या टेबलावरचं मतही खरं नाही. पण उरलेल्या ३३ सेंटपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा राग येतो.

तुला माहीत आहे, मी हॅम्लेटच्या कचेरीत हिशेब बघतो. हॅम्लेट म्हणजे इथली ग्रामपंचायत समज. मला सरकारी पगार आहे, वर उत्तरेत राहण्याचा भत्ता आहे. मी शनिवारी दुकानात जाऊन पालक, द्राक्षं, दही, अंडी टोपलीत टाकतो आणि पावतीवर माझं बरंच अनुदान जमतं. माझ्या मागे उभी असलेली बाई नूडल्स आणि एक दुधाचा डबा घेते. तिला फक्त दुधावर मिळतं. अनुदान किलोमागे आहे, माणसामागे नाही. जो जास्त विकत घेऊ शकतो त्याला सरकार जास्त देतं. दिलीप, उद्या अंत्योदयवाल्याला पाच किलो आणि तहसीलदाराला पस्तीस किलो द्यायचं ठरलं तर तुझ्या टेबलाचं काय होईल?

आणि याचा निकाल आकड्यांत दिसतो. नुनावुतमध्ये ज्या घरांना पुरेशा अन्नाची खात्री नाही, अशी घरं २०१० मध्ये ३३.१ टक्के होती. नवी योजना आली त्या वर्षी ३९.४. २०१४ मध्ये ४६.६. आणि २०१७-१८ मध्ये ५७ टक्के. योजनेमुळेच वाढली असं कुणी छातीठोक म्हणणार नाही. पण तिने थांबवली नाही, एवढं तर लहान पोरही सांगेल.

मधे सुधारणा झाल्या, नाही असं नाही. २०१६ मध्ये सुटलेली गावं आत घेतली. २०१९ पासून दूध, गोठवलेल्या भाज्या-फळं, बाळाचं दूध यांना सगळ्यात वरचा दर दिला. जहाजाने येणाऱ्या मालालाही पुढे थोडं अनुदान लागलं. पण जहाजाचा फायदा घ्यायचा तर वसंतातच वर्षाची यादी भरावी लागते, पैसे आधी भरावे लागतात, क्रेडिट कार्ड लागतं, आणि माल ठेवायला खोली लागते. इथे दोन खोल्यांत दहा-दहा माणसं राहतात. मी माझी यादी भरून टाकली आहे: तांदूळ, तूरडाळ, तेल, पोहे. ऑगस्टमध्ये प्लायवूडच्या खोक्यात येईल. खोकंसुद्धा वाया जात नाही हो, शेजारचा म्हातारा आत्ताच सांगून ठेवतोय की ते त्याला हवं. शिकारीच्या तळावर त्याने अशाच खोक्यांची झोपडी बांधलीय.

आता तू म्हणशील, हे लोक पूर्वी काय खात होते? चांगलं खात होते. सील, कॅरिबू हरणं, आर्क्टिक चार नावाचा मासा, व्हेलची कातडी. तीही कच्ची, म्हणून भाजी न खाता 'क' जीवनसत्त्व मिळायचं. मग हे दुकानाच्या दारात आले कसे, तर आणले म्हणून. १९५३ आणि १९५५ मध्ये सरकारने उत्तर क्वेबेकच्या इनुक्जुआकमधली कुटुंबं उचलून दोन हजार किलोमीटर वर रेझोल्यूट आणि ग्रीस फियर्डला नेऊन ठेवली. तिथे वर्षातले कित्येक महिने सूर्यच उगवत नाही आणि ओळखीची शिकार नाही. माफी मागितली २०१० मध्ये. इतर ठिकाणी शाळा, दवाखाना, कुटुंबभत्ता यांची अट घालून माणसं वस्त्यांत गोळा केली. मुलं निवासी शाळांत गेली, त्यांच्या हातून शिकार सुटली. मग १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट ती पिल्लं मारत नव्हते, पण बाजार सगळाच कोसळला. कातडं विकून जो पैसा यायचा त्यातूनच बंदुकीच्या गोळ्या आणि पेट्रोल यायचं. वर २०१५ मध्ये बॅफिनवर कॅरिबूची शिकारच बंद केली, संख्या घटली म्हणून. नंतर मोजके नर मारायची परवानगी दिली.

गेल्या आठवड्यात त्याच शेजाऱ्याने सील आणला. सध्या बर्फावर ऊन खात पडलेले असतात. घरात जमिनीवर पुठ्ठा पसरला, म्हातारी मांडी घालून बसली, आणि अर्धचंद्रासारख्या उलू सुरीने तिने पोट उघडलं. आतून वाफ आली. काळीज आधी कापलं, ते लहानांना आणि पाहुण्याला. मी पाहुणा. खाल्लं, आणि बरं लागलं. आईला यातलं काही कळवू नकोस. तोवर कुणीतरी गावच्या रेडिओवर सांगितलं की अमक्याकडे सील आहे, या. तासाभरात पुठ्ठ्यावर फक्त हाडं उरली. पंधरा-वीस माणसं जेवली असतील, पावती नाही, किलो नाही. पण तो सील आणायला स्नोमोबाइल लागली, पेट्रोल लागलं, गोळ्या लागल्या, आणि हे सगळं त्याच दुकानातून, त्याच भावाने. पोराला नोकरी आहे म्हणून तो म्हाताऱ्याला पेट्रोल भरून देतो. ज्याच्या घरात पगार नाही, त्याच्या घरात शिकारही नाही. हे मला इथे येईपर्यंत कधी सुचलं नसतं.

२०२० पासून शिकाऱ्यांसाठी अनुदान सुरू झालंय. ते दुकानातून जात नाही, इनुइट संघटनांमार्फत जातं, आणि कसं वाटायचं ते तेच ठरवतात. मला विचारशील तर या सगळ्या खटाटोपात अक्कलहुशारीचा भाग एवढाच. शिकाऱ्याला दिलेला डॉलर पेट्रोल-गोळ्यांसाठी त्याच दुकानात गेला तरी वीस तोंडांपर्यंत पोचतो. कोबीवर दिलेला डॉलर मोंट्रियलहून निघतो तेव्हापासून कापला जातो.

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या टेबलावरून बघितली. केंद्र सरकारच्या इनुइट मुलांसाठीच्या निधीतून गावोगावी अन्नाची कार्डं दिली जात होती: मुलामागे महिना ५०० डॉलर, चार वर्षांखालच्या मुलाला वर २५०. हॅम्लेटने वाटायची. तो पैसा शेवटी त्याच गल्ल्यात जायचा, हे खरं. पण काय घ्यायचं ते आई ठरवायची, आणि मोजणी मुलांच्या डोक्यांची होती, किलोंची नाही. दुकानातली केळी दुसऱ्या दिवशी संपलेली मी तेव्हाच बघितली. एरवी ती काळी पडून फेकायची वेळ येते. ३१ मार्चला ते बंद झालं. एप्रिलभर बायका यायच्या, काउंटरवर कार्ड ठेवायच्या आणि काही न बोलता माझ्याकडे बघायच्या. मी काय सांगणार? पत्र ओटावाहून आलेलं, इंग्रजीत, माझ्या सहीने भिंतीला चिकटवलेलं.

न्यूट्रिशन नॉर्थची बाहेरून तपासणी करायचं काम सरकारने गेल्या ऑक्टोबरात अलुकी कोटिएर्क यांच्याकडे दिलं. त्या इनुइट, इथल्याच, आणि लेचीपेची बोलणाऱ्या नाहीत. तेवढी आशा ठेवून आहे.

आता तू मला एक कर. मेळघाटात पावसाळ्याआधी तुटणाऱ्या गावांना चार महिन्यांचं धान्य आगाऊ पोचवता ना, त्याचं कोष्टक कसं करता ते पाठव: कुटुंबं कशी मोजता, गोदाम कुणाच्या ताब्यात असतं, वाहतुकीचं बिल कोण तपासतं. इथे आमच्या हॅम्लेटच्या बैठकीत शीतगृहाचा विषय निघालाय. सगळ्या गावाचं मांस आणि जहाजाचा माल एकत्र ठेवायचा, किल्ली दुकानदाराकडे द्यायची नाही. कागद मला करायचाय. तुझ्या नमुन्यात मराठीत असेल तरी चालेल, मी घालतो इंग्रजीत. जुलैच्या बैठकीच्या आत पाठव, आणि तुझ्या नेहमीच्या सवयीने 'सादर' म्हणून बाजूला ठेवू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल